मारुती ८०० चा गंजलेला सायलेन्सर निघेना. कापू का सोडवू?

लिंबाखालची_८००

राम राम मंडळी. आमचे वडील झेडपीचे मास्तर. नोकरीची बरीच वर्षं गुहागर तालुक्यात काढली, मग आंतरजिल्हा बदली मिळाली आणि सेलूजवळच्या आमच्या गावी परत आले. येताना भांड्याकुंड्यांसोबत ही ८०० आली. १९९७ ची, कार्ब्युरेटरवाली. पासिंग अजून एम.एच. ०८ च आहे, म्हणून गावात तिला ‘कोकणी’ म्हणतात. २०१९ ला वडिलांचे गुडघे बसले तेव्हापासून गाडी दारातल्या लिंबाखाली उभी. २०१२ आणि २०१७ ला पासिंग वाढवलं होतं, २०२२ ला राहूनच गेलं.

दिवाळीत मला हुक्की आली. बॅटरी नवी टाकली, टाकीतलं जुनं पेट्रोल उपसलं, कार्ब्युरेटर धुतला, प्लग बदलले. चौथ्या सेल्फला गाडी चालू झाली, पण आवाज असा की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. खाली वाकून पाहिलं तर मागच्या सायलेन्सरला दोन बोटं जातील एवढं भोक, मधला पाईप पापडासारखा. मॅनिफोल्डखालच्या (मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनचा धूर पाईपात आणणारा भाग) फ्लँजचे, म्हणजे जोडाच्या चकतीचे, नट तर नट वाटतच नाहीत, वारुळाची ढेकळं वाटतात. बारा-तेराचा पाना लावून जोर केला. पाना सटकला, नट गोल झाला आणि माझी चार बोटं सोलली.

नवा पाईप आणि सायलेन्सर परभणीहून आणून ठेवलाय. गॅरेजवाला म्हणतो, गाडी इथं आण, गॅस कटरनं उडवतो, पण स्टडची (नट बसतात त्या आटेवाल्या सळयांची) गॅरंटी नाही. पासिंग नसताना नेऊ कशी? घरी जॅक, रिंगपाने, छन्नी-हातोडा आहे. मेव्हणा खिडक्यांच्या ग्रील बनवतो, त्याच्याकडं ग्राइंडर आणि वेल्डिंग मशीन आहे. वडील बाजेवर बसून सूचना करायलेत, “कापू नको, सुटतंय ते.” काय करू?

उदगीरकर_५५

डिझेल मार की भाऊ अन् रातभर राहू दे. आमी ट्रॅक्टरचं असंच करायलोत. न्हाई सुटलं तर पान्यावर दोन फुटी पाईप चढव अन् लटक.

जुना_मिस्त्री

पाईप चढवून लटकू नकोस बाळा. लटकलास की नट सुटणार नाही, स्टड मोडेल, आणि मग खरी रडारड सुरू.

मी जालना रोडला तीस वर्षं पाना धरला, आता डोळे साथ देत नाहीत म्हणून सांगायचं काम करतो. आधी एक ठरव, काय वाचवायचं आणि काय फेकायचं. सायलेन्सर, मधला पाईप, क्लँप, त्यांचे नटबोल्ट हे सगळं भंगार आहे. नवं घरात पडलंय ना? मग त्यातला एक नट सोडवायला पाच मिनिटंसुद्धा घालवू नकोस, ग्राइंडरनं सरळ काप. वाचवायचे फक्त मॅनिफोल्डमधले स्टड. मॅनिफोल्ड बिडाचा असतो (जिल्ह्याचं बीड नव्हे, ओतीव लोखंड). त्यात मोडलेला स्टड काढायचा म्हणजे दात काढण्यासारखं आहे. वडिलांचं आणि तुझं भांडण इथंच मिटतं: मागं काप, पुढं सोडव.

ही गाडी आपल्याकडची असती तर नट इतके गेले नसते. आपल्याकडं हवा कोरडी. तुझ्या गाडीनं खारा वारा खाल्लाय. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आट्यांत पाचर ठोकल्यासारखा बसतो. तू जोर करतोस तो नटाशी नाही, त्या पाचरीशी.

आता काम. गाडी उचलण्याआधी चाकांना उटी (अडसर) लाव. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. सिमेंटच्या पोकळ विटा तर बिलकूल नाहीत, त्या सांगून फुटत नाहीत. घोड्या (लोखंडी टेकू) नसतील तर बाभळीचे सपाट कापलेले ओंडके लाव. वडिलांना म्हणावं सूचना राहू द्या, तेवढा वेळ माझ्या पायांवर लक्ष ठेवा.

मागची लांबण आधी कापून खाली घे, म्हणजे फ्लँजवरचं ओझं जाईल आणि हात फिरायला जागा होईल. कापण्याआधी पेट्रोलची टाकी आणि नळी कुठून जाते ते हातानं चाचपून बघ. ठिणग्या तिकडं उडायला नकोत. ओलं गोणपाट आडवं धर, पाण्याची बादली जवळ ठेव. रबराचे हँगर कापून टाक, नवे स्वस्त मिळतात.

मग पुढचे नट. तारेच्या ब्रशनं स्टडची उघडी टोकं घासून लखलखीत कर. बहुतेक लोक इथंच आळस करतात, आणि नट निम्म्या वाटेवर त्याच गंजात पुन्हा अडकतो. गंज सोडवायचं तेल सकाळ-संध्याकाळ दोन दिवस सोड. डिझेलही चालेल, उदगीरकर तेवढं बरोबर बोलले. प्रत्येक वेळी नटावर हातोडीनं हलक्या टिचक्या मार, त्या हादऱ्यानं तेल आत उतरतं. बारा कोनी रिंगपाना बाजूला ठेव. सहा कोनी गोटी (सॉकेट) आण आणि हातोडीनं ठोकून बसव. पहिल्यांदा किंचित आवळ, मग सोड, पुन्हा आवळ. हळूहळू.

नाहीच हलला तर उष्णता. पण तेल लावल्या लावल्या आग दाखवू नकोस, आधी पुसून सुकव. नट तापव, स्टड नाही. नट फुगतो, आटे ढिले होतात. लालसर झाला की ज्योत बाजूला कर आणि मेणबत्ती टेकव, मेण वितळून आट्यांत शिरतं. मग गोटी. गोल झालेल्या नटाला ग्राइंडरनं स्टडच्या आट्यांपर्यंत न जाता एका बाजूनं चीर पाड आणि छन्नीनं फोड. नट मेला तरी चालेल.

डॉक्टर_नव्हे

मिस्त्रींनी सांगितलं नाही म्हणून लिहितो, चष्मा घाला. खाली झोपून ठोकताना गंज सरळ डोळ्यात येतो. माझा एक रविवार अंबाजोगाईच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेलाय. आणि एक. फुटक्या सायलेन्सरनं पत्र्याच्या शेडात इंजिन चालू ठेवून आवाज शोधत बसू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणूस गुंगतो आणि त्याला कळतही नाही.

लिंबाखालची_८००

दोन आठवड्यांनी हिशोब द्यायला आलोय.

सायलेन्सर कापायला घेतला आणि आतून आधी पाणी आलं, तांबडं, चहासारखं. मला वाटलं पावसाचं. मेव्हण्याचा पोरगा पॉलिटेक्निकला आहे, तो म्हणाला, एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. लांबचा प्रवास असला की वाफ होऊन निघून जातं, जवळच्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरता तापतच नाही, ते आतच राहतं. वडिलांची शाळा दीड किलोमीटर होती. म्हणजे सगळं पाप कोकणाच्या माथी मारायला नको.

मागच्या नळीच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. वडील म्हणाले, ते हळू काढ. मी म्हणालो, आत कुणी राहत नाही आता.

नट. दोन दिवस तेल, टिचक्या, गोटी. एक नट असा आला की विश्वास बसेना, नुसता करकरत आला. दुसरा मेणबत्तीवर आला. मी गोल केलेला होता त्यानं मात्र सूड घेतला. चीर पाडताना माझा हात घसरला, ग्राइंडर स्टडमध्ये गेला आणि स्टड फ्लँजशी तुटला. बारीक तोंडाचं ईझी-आउट (मोडका स्टड काढायचं हत्यार) आणायला निघालो होतो, मेव्हण्यानं अडवलं. ते आत मोडलं तर ड्रिलही चालत नाही म्हणे, इतकं कडक असतं. त्यानं उरलेल्या ठोंब्यावर नवा नट ठेवला आणि आतून वेल्डिंग मारलं. बॅटरीच्या वायरी आधी काढून ठेवल्या होत्या. दोनदा वेल्डिंग सुटलं. तिसऱ्यांदा लाल असतानाच नाही, जरा निवू दिलं, आणि फिरवला तर लोण्यातून आल्यासारखा आला. मी खालूनच ओरडलो. म्हैस पुन्हा बिचकली.

नवे स्टड, नवी गॅस्केट, आट्यांना तांब्याची पेस्ट, पितळी नट. आवाज आता गरीब गाईसारखा.

फक्त एक कळेना. खड्ड्यात मागं ‘टण’ असा आवाज येतो. पाईप ॲक्सलला टेकतोय. सेट चुकीचा आणला का?

जुना_मिस्त्री

क्लँप आवळले तेव्हा गाडी ओंडक्यांवर होती ना? चाकं लोंबकळत होती?

लिंबाखालची_८००

होती.

जुना_मिस्त्री

मग ॲक्सल खाली गेलेला होता, तुला जागा दिसली तेवढी खरी नाही. क्लँप सैल कर, गाडी चाकांवर उतरव, मागं दोन माणसं बसव. कुणाला तरी पाईप धरायला सांगून तो मोकळा फिरव, बोटभर फट ठेव आणि तसाच आवळ. नंतर पुन्हा चढवून पक्का कर.

लिंबाखालची_८००

उद्या सकाळी करतो. मागं बसायला वडील आत्तापासूनच तयार आहेत, गुडघ्याचा पट्टासुद्धा बांधून झालाय.