निळा पडदा येऊन संगणक पुन्हा पुन्हा सुरू होतो. फॉरमॅट टाळता येईल का?

प्रश्न

रत्नागिरीला आमच्या घरी वडिलांचा २०१३ साली सुटे भाग जुळवून घेतलेला डेस्कटॉप आहे आणि त्यावर विंडोज १० आहे. मे महिन्यात आम्ही तीन आठवडे पुण्याला होतो, तेव्हा भिंतीवरचे बटण बंद होते. परत येऊन संगणक सुरू केला, तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन-तीन ओळी आल्या. त्यांत ‘सीमॉस’ हा शब्द होता आणि एफ-१ किंवा एफ-२ दाबण्याची सूचना होती. वडिलांनी एफ-२ दाबले. तेव्हापासून विंडोजचे चिन्ह दिसते, खालचे ठिपके दोन-चार वेळा फिरतात आणि निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा संदेश येऊन संगणक पुन्हा सुरू होतो. विंडोजची स्वतःची दुरुस्तीही निष्फळ ठरली. दुरुस्तीवाल्यांनी फोनवरच ‘हार्ड डिस्क गेली, फॉरमॅट करावे लागेल’ असे सांगितले. वडिलांनी चार वर्षे खपून टंकलेला आमचा कुलवृत्तांत त्यात आहे आणि त्याची दुसरी प्रत नाही. काय करावे?

उत्तर १

ताई, कृपया फॉरमॅट करू देऊ नका. तुम्ही सांगितलेल्या क्रमावरून डिस्कपेक्षा मदरबोर्डवरच्या, म्हणजे संगणकातल्या मुख्य सर्किट बोर्डावरच्या, सेलचा संशय अधिक येतो.

त्या बोर्डावर सीआर २०३२ नावाचा, रुपयाच्या नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल असतो. संगणक बंद असला तरी भिंतीवरचे बटण चालू असेल तोवर बोर्डाला थोडी वीज मिळत राहते आणि सेलवर भार पडत नाही. बटण बंद केले की घड्याळ आणि बायोसमधील (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅममधील) निवडी जिथे साठतात तो ‘सीमॉस’ सांभाळण्याचे काम एकट्या सेलकडे येते. जुना सेल तीन आठवड्यांत उतरला असावा. त्यामुळे निवडी पुसल्या गेल्या आणि एफ-२ दाबल्यावर बोर्डाने कारखान्यातल्या मूळ निवडी लावल्या. त्या काळच्या कित्येक बोर्डांवर ‘साटा मोड’ची, म्हणजे डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचे याची, मूळ निवड आयडीई ही जुनी पद्धत असते. तुमचे विंडोज मात्र एएचसीआय ही नवी पद्धत निवडलेली असताना बसवलेले असेल, तर सुरू होताना ते त्याच पद्धतीचा ड्रायव्हर (डिस्कशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम) घेऊन डिस्क शोधते आणि डिस्क धडधाकट असूनही त्याला सापडत नाही. निळ्या पडद्यावरचा संदेश एवढेच सांगतो.

आधी खात्री करून घ्या. संगणक सुरू होताच डिलीट कळ दाबत राहून बायोस उघडा आणि तारीख पाहा. ती दहा-बारा वर्षे मागची असेल आणि डिस्कचे नाव यादीत दिसत असेल, तर निदान बरोबर आहे असे समजा. मग संगणक बंद करा, वायर भिंतीतून काढा, चालू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच सेलला हात घाला. कडेची पत्र्याची चाप हलकेच मागे ढकलली की सेल उचलून वर येतो. नवा बसवताना अक्षरे असलेली बाजू वर ठेवा. हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. त्यानंतर बायोसमध्ये तारीख लावा, साटा मोड एएचसीआय करा आणि एफ-१० दाबून जतन करा.

उत्तर २

वरील निदान मलाही पटते, परंतु ज्याची दुसरी प्रत नाही ते आधी बाहेर काढावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. दुसऱ्या संगणकावर उबुंटूचा (विंडोजसारखीच एक मोफत संगणकप्रणाली) पेनड्राइव्ह तयार करून घ्या, त्यावरून हा संगणक चालवा आणि कुलवृत्तांत दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. उबुंटू काही न बसवताही चालते, फक्त ‘इन्स्टॉल’ निवडू नका. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर मात्र संगणक पुन्हा पुन्हा सुरू करू नका. डिस्क काढून यूएसबीने जोडण्याचा विचार असेल, तर डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो, हे लक्षात असू द्या.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा दोघांचे मनापासून आभार. डिस्कमधून कोणताही आवाज येत नव्हता. बायोसमध्ये तारीख १ जानेवारी २०१२ होती आणि डिस्कचे नाव यादीत होते. शेजारच्या काकांनी उबुंटूचा पेनड्राइव्ह करून दिला आणि कुलवृत्तांताच्या तिन्ही फायली आधी उतरवून घेतल्या. काढलेला सेल त्यांच्या मल्टिमीटरवर १.९ व्होल्ट दाखवत होता. नवा सेल घालून साटा मोड आयडीईवरून एएचसीआय केला आणि विंडोज पहिल्याच खेपेला सुरू झाले. वडिलांनी लगेच फाईल उघडून शेवटचे पान जागेवर आहे ना, ते पाहिले.

उत्तर १

वाचून फार आनंद झाला. एएचसीआय ही निवड कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी सेल उतरला की वडिलांना ती तिथेच सापडेल.