हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेची तारीख दोन महिन्यांनी आहे आणि नाडी अनियमित चालते. मधले दिवस कसे काढावेत?

शिवणवाली, बार्शी तालुका:
माझे वय ४७ आहे आणि मी घरी शिवणकाम करते. वयाच्या अकराव्या वर्षी घसा धरला, मग ताप येऊन एकामागून एक सांधे सुजले होते. त्याचाच परिणाम म्हणून मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) अरुंद झाली असल्याचे आता कळले. टूडी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) तिचे तोंड ०.९ चौरस सेंटिमीटर भरले. झडपेवर कॅल्शियम साचले असून ती गळतेही आहे, त्यामुळे फुग्याने उघडता येणार नाही, झडप बदलावीच लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. चार महिन्यांपासून एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके अनियमित पडण्याचा आजार आहे. मशीनचा टाका सुटावा तसा ठोका मध्येच सुटतो आणि मग चारपाच ठोके घाईघाईने येतात. ठोक्यांचा वेग आवरण्यासाठी डिगॉक्सिन आणि मेटोप्रोलॉल, लघवीची गोळी आणि रक्त पातळ करणारी एसिट्रोम चालू आहे. बीपीच्या यंत्रावर नाडी एकदा ७८ येते, पाच मिनिटांनी ११२ येते आणि तिसऱ्यांदा नुसते ‘एरर’ दिसते. रात्री उशीवर कान टेकला की धडधड ऐकू येते आणि झोप उडते. जाऊबाईंनी पालेभाजी पूर्ण बंद करायला लावली आहे. हे ठोके शस्त्रक्रियेपूर्वी नीट होतील का, आणि तोवर मी मशीनवर बसावे की नाही?

निवृत्त वाहक, सांगली:
ताई, माझी हीच झडप २०१९ मध्ये बदलली, म्हणून अनुभवाचे तेवढेच लिहितो. ठोके नियमित होण्याची वाट पाहणे मी सोडून दिले, तेव्हा निम्मा त्रास कमी झाला. आपल्या हातात आहे ते ठोके किती पडतात हे पाहणे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. या आजारात ते उत्तर हमखास चुकते. भिंतीवरच्या घड्याळाखाली दहा मिनिटे शांत बसून पूर्ण एक मिनिट मोजा. त्यातही मनगट सगळे ठोके सांगत नाही, कारण घाईने आलेला ठोका दुबळा असतो आणि हातापर्यंत पोहोचतच नाही. आमच्या उपकेंद्रातील सिस्टरांनी एकदा छातीला स्टेथोस्कोप लावून मोजले तेव्हा १०४ भरले. त्याच मिनिटाला मी मनगटावर ८४ मोजले होते. तो आकडा पाहूनच डॉक्टरांनी माझी मेटोप्रोलॉल वाढवली.

झोपेसाठी पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली दोनदोन विटा ठेवल्या आणि डाव्या कुशीवर झोपणे टाळले. त्या कुशीवर धडधड फार जाणवते. लघवीची दुसरी गोळी संध्याकाळी न घेता दुपारी घेण्याची परवानगी डॉक्टरांकडून मिळवली. माझी तारीख खाट नसल्याच्या कारणाने दोनदा पुढे गेली आणि दोन्ही वेळा आम्ही पिशव्या भरून निघालो होतो, तेव्हा निघण्याआधी फोन करून खात्री करून घ्यावी.

रुग्णाचा पती, नाशिक:
पालेभाजी बंद करण्याची गरज नसते; एसिट्रोम घेत असताना ती कमीजास्त करू नये, एवढेच. माझ्या पत्नीने आठवडाभर मेथी-पालक सोडले आणि पुढच्या आठवड्यात भरपूर खाल्ले, तर आयएनआर (रक्त किती पातळ झाले ते दाखवणारा तपासणीतला आकडा) खालीवर होत राहिला. आता दिवसाआड एक वाटी भाजी ठरलेली आहे आणि गोळीचा डोस त्यावरच बसवला आहे.

आमच्या हातून खरी चूक वेगळीच झाली. जुलाब लागले म्हणून औषधाच्या दुकानातून मेट्रोनिडॅझोल आणले आणि पाच दिवस दिले. सहाव्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून आलेले रक्त थांबेना, दंडावर आपटल्याविना काळेनिळे डाग उठले आणि आयएनआर ६.८, म्हणजे फारच जास्त निघाला. दोन दिवस रुग्णालयात राहावे लागले. दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही, कारण एसिट्रोम चालू असल्याचे आम्हीच सांगितले नव्हते. डोके किंवा कंबर दुखली तरी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन परस्पर घेऊ नये.

फिजिशियन, पुणे:
पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, झडप अरुंद असेपर्यंत डावी कर्णिका, म्हणजे हृदयाचा डावीकडचा वरचा कप्पा ताणलेलाच राहतो, म्हणून ठोके शस्त्रक्रियेपूर्वी नियमित होण्याची शक्यता कमी असते. वेग मात्र आवरता येतो आणि तुमच्या आजारात त्यालाच महत्त्व आहे. मिनिटाला ६० ठोके असतील तर एका ठोक्याला पूर्ण सेकंद मिळतो, १२० झाले तर अर्धाच. आणि ही कपात मुख्यतः हृदय भरण्याच्या वेळेत होते. अरुंद तोंडातून रक्त खाली उतरायला तेवढा अवधी पुरत नाही, ते फुफ्फुसांत तुंबते आणि दम लागतो. विश्रांतीतील ठोके किती असावेत, हा आकडा आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावा; ते ११० च्या वर टिकून राहिले तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. यंत्राचा दोष नाही, अनियमित नाडीत ते गोंधळतेच. लागोपाठ तीन वेळा रक्तदाब मोजून सरासरी धरावी.

रक्त तपासणीचा कंटाळा आला म्हणून ‘तपासणी न लागणाऱ्या’ नव्या गोळ्यांचा आग्रह धरू नये. ऱ्हुमॅटिक आजारातील (तुमच्यासारखा घसा धरून, ताप येऊन पुढे झडप बिघडते तो) सुमारे ४,५०० रुग्णांवरील इन्व्हिक्टस अभ्यासात (२०२२) रिव्हारॉक्सॅबॅन या नव्या गोळीपेक्षा एसिट्रोमसारख्या जुन्या पद्धतीच्या गोळ्याच सरस ठरल्या. उलट्या, अन्नावरील वासना जाणे किंवा पिवळसर दिसणे ही डिगॉक्सिन जास्त झाल्याची खूण असू शकते, विशेषतः लघवीच्या गोळीने पोटॅशियम उतरले असेल तर. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही झाले तर वेळ पाहून ठेवावी, १०८ ला फोन करावा आणि एसिट्रोम चालू असल्याचे आधी सांगावे.

शल्यचिकित्सकांना एक प्रश्न अवश्य विचारावा: झडप बदलतानाच डाव्या कर्णिकेची पिशवी बंद करणार का आणि ठोके नियमित करण्यासाठीची मेझ शस्त्रक्रिया जोडणार का? गुठळ्या बहुतेक त्या पिशवीतच होतात. तसेच दातांची तपासणी आताच उरकावी. किडका दात नव्या झडपेला जंतुसंसर्ग देऊ शकतो. शिवणकाम बसून, दम न लागता होत असेल तर करण्यास माझी हरकत नाही. पायमशीनऐवजी मोटर लावता आली तर उत्तम.

शिवणवाली, बार्शी तालुका:
सर्वांची आभारी आहे. काल उपकेंद्रात मोजून घेतले: मनगटावर ७६, छातीवर ९८. दोन्ही आकडे वहीत लिहिले असून गुरुवारी डॉक्टरांना दाखवणार आहे. मोटर लावली आहे आणि बोटात अंगुस्ताना घालते, कारण सुई टोचली की आता रक्त लवकर थांबत नाही. मावशींची दाढ दुखते म्हणून त्यांना घेऊन उद्या बार्शीला दातांच्या दवाखान्यात जायचेच होते; माझाही नंबर लावून ठेवला आहे.