मदत हवी आहे: दोन संस्था एक होताना विद्यार्थ्यांच्या जुन्या नोंदींचं काय करतात?

नमस्कार मंडळी,

विषय जरा कोरडा आहे, पण इथे शिक्षणक्षेत्रातले बरेच जुनेजाणते वावरतात म्हणून विचारतेय.

मी एका छोट्या महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात आहे. आमचं महाविद्यालय एका मोठ्या विद्यापीठात विलीन होतंय. करारावर सह्या झाल्या, भाषणं झाली, फोटो निघाले. करारात इमारती, कर्ज, वसतिगृह, प्रयोगशाळा यांवर पानंच्या पानं आहेत. विद्यार्थ्यांच्या नोंदींवर एकच वाक्य आहे: सर्व अभिलेख योग्य रीतीने हस्तांतरित केले जातील. हे 'योग्य रीतीने' म्हणजे मी! समितीत त्यांच्याकडून पाच जण आहेत, आमच्याकडून मी एकटी.

गेल्या आठवड्यात चाचणी म्हणून दोन्हीकडच्या एका वर्षाच्या याद्या जोडून पाहिल्या. नोंदणी क्रमांक दोन्हीकडे एकाच पद्धतीचे, म्हणजे प्रवेशाचं वर्ष आणि पुढे चार आकडे. व्हायचं तेच झालं. आमच्याकडची इतिहासाची एक मुलगी आणि त्यांच्याकडचा भौतिकशास्त्राचा एक मुलगा मिळून एकच विद्यार्थी तयार झाला. केव्हाच पदवी घेऊन गेलेली ती मुलगी प्रकाशशास्त्राच्या प्रात्यक्षिकात नापास! संगणक विभागातले म्हणाले, "नाव वेगळं आहे, लक्षात आलं असतंच." आलं असतं हो, पण कधी? ती नोकरीसाठी ट्रान्स्क्रिप्ट मागवेल तेव्हा.

दुसरी अडचण श्रेणींची. आमची 'अ' श्रेणी ७० गुणांपासून, त्यांची ७५ पासून. समितीत सूचना आली की आमचे जुने निकालही त्यांच्या पट्टीवर बसवून टाकावेत, एकसारखेपणासाठी. माझं मन याला अजिबात तयार नाही, पण विरोध करायला "बरं दिसत नाही" याच्यापलीकडे मुद्दा सुचत नव्हता.

तिसरी अडचण संगणकाच्या आधीच्या बांधीव रजिस्टरांची. फेरतपासणीत गुण वाढले की लाल शाईने जुना आकडा छेदायचा, वर काळ्या शाईने नवा लिहायचा आणि बाजूला प्राचार्यांची आद्याक्षरं, अशी आमची पद्धत होती. स्कॅनिंगवाल्यांनी नमुन्याची पानं काळ्यापांढऱ्यात करून दिली. त्यात लाल रेघ आणि काळे आकडे एकाच रंगाचे झाले, ४८ आहे की ५३ ते माझं मलाच कळेना. आणि स्कॅन झाल्यावर मूळ रजिस्टरं रद्दीत काढायचा बेत आहे!

थोडं वाचन केलं. २००४ साली मँचेस्टरमधल्या दोन संस्था, व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी आणि यूमिस्ट, दोन्ही विसर्जित करून नवीन विद्यापीठ उभं केलं. फिनलंडमध्ये तंत्रज्ञान, वाणिज्य आणि कला-रचना अशा तीन संस्था मिळून २०१० पासून आल्टो विद्यापीठ सुरू झालं. स्ट्रासबुर्गची गंमत वेगळीच. तिथलं एकच विद्यापीठ १९६८ च्या कायद्यानंतर तीन तुकड्यांत विभागलं गेलं आणि २००९ मध्ये तिन्ही पुन्हा एक झाले. हे सगळं छान, पण वाचायला मिळतं ते धोरण, खर्च आणि क्रमवारी. रजिस्टरं कुठे ठेवली ते कोणी लिहीत नाही.

तर कोणी असं काम प्रत्यक्ष केलंय का? कुठल्या क्रमाने केलंत? आणि आमच्या जुन्या विद्यार्थ्यांना यापुढे कागद मिळतील ते कोणाच्या नावाने?

जुनाकारकून:
ताई, या कामातून मी एकदा गेलोय. क्रमांकाचं आधी सांगतो. जुन्या क्रमांकाला हात लावायचा नाही. तो त्या माणसाच्या गुणपत्रिकेवर छापलेला आहे, तुम्ही बदललात तर त्याच्या हातातला कागद खोटा पडतो. नवीन प्रणालीत संस्थेचा संकेतांक वेगळ्या रकान्यात ठेवा आणि दोन्ही मिळून ओळख धरा. आम्ही आधी क्रमांकापुढे एक अक्षर चिकटवलं होतं. पडताळणीला आलेल्या पत्रांत ते अक्षर नसायचं, मग शोध लागायचा नाही. वर्षभर डोकं धरून बसलो होतो.

श्रेणींबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि मुद्दाही साधा आहे. निकाल म्हणजे त्या दिवशी, त्या नियमांनुसार, त्या परीक्षकांनी दिलेला निर्णय. नंतर आलेल्या मालकाला तो बदलायचा अधिकार नाही. जुन्या ट्रान्स्क्रिप्टच्या मागच्या बाजूला त्या काळची श्रेणीपट्टी छापायची, बस. रूपांतर लागेल ते फक्त मधल्या वर्षांत असलेल्या मुलांचं. तिथेही मूळ गुण पुसायचे नाहीत.

स्कॅन रंगीतच करा, आणि प्रत्येक रजिस्टरमधली दहा-वीस पानं मुळाशी ताडून पाहिल्याशिवाय बिलावर सही करू नका. मूळ रजिस्टरं रद्दीत काढायची नाहीत म्हणजे नाहीत.

आडनावात_काय_आहे:
नावाबद्दल लिहितो, कारण यावरूनच सगळ्यात जास्त रुसवेफुगवे होतात. सर्वसाधारण रीत अशी की दिलेली पदवी जुन्याच नावाची राहते. नवीन संस्था ट्रान्स्क्रिप्ट देताना, अमुक संस्था अमुक तारखेला आमच्यात विलीन झाली आणि तिचे अभिलेख आमच्याकडे आहेत, अशी टीप घालते.

नाव पुसलं की लोक किती वर्षं लक्षात ठेवतात ते क्लीव्हलँडमध्ये बघा. केस इन्स्टिट्यूट आणि वेस्टर्न रिझर्व्ह युनिव्हर्सिटी १९६७ मध्ये एक झाल्या. २००३ मध्ये व्यवस्थापनाने बोलीत नुसतं 'केस' म्हणायचं ठरवलं. वेस्टर्न रिझर्व्हच्या बाजूचे माजी विद्यार्थी भडकले आणि २००७ मध्ये पूर्ण नावावर परत यावं लागलं. विलीनीकरणाला तेव्हा चाळीस वर्षं झाली होती! बॉस्टन युनिव्हर्सिटीने शहाणपणा केला. २०१८ मध्ये व्हीलॉक कॉलेज त्यांच्यात आलं तेव्हा आपल्या शिक्षणशास्त्राच्या विभागालाच त्यांनी व्हीलॉकचं नाव दिलं.

रिकामटेकडा:
वाचतोय. वाखु (वाचनखूण) साठवली.

उलटतपासणी:
विलीनीकरण म्हणताय, पण पाच विरुद्ध एक हे गणित गिळंकृत करण्याचं दिसतंय. आणि एकदा झालं की झालं असंही नसतं. स्टॅनफर्ड आणि सॅन फ्रान्सिस्कोतलं कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनी १९९७ मध्ये आपापली रुग्णालयं एकत्र केली, २००० मध्ये पुन्हा वेगळी झाली. तेव्हा ताई, हस्तांतराच्या दिवशीची तुमच्या माहितीची एक गोठवलेली प्रत, जिच्यात नंतर कोणालाही काही लिहिता येणार नाही अशी, वेगळी ठेवून घ्या. संसार मोडला तर आपली भांडी ओळखता आली पाहिजेत.

जुनाकारकून:
@उलटतपासणी, भांड्यांचं आवडलं. आणखी एक राहिलंच. महाविद्यालयाचं जुनं संकेतस्थळ आणि ईमेलचे पत्ते बंद पडू देऊ नका. पडताळणीची पत्रं वर्षानुवर्षं जुन्याच पत्त्यावर येत राहतात. डोमेनचं नूतनीकरण चुकलं तर ते नाव कोणीही विकत घेऊ शकतो, आणि त्या पत्त्यावरून 'होय, ही पदवी खरी आहे' असं उत्तर पाठवू शकतो. नूतनीकरण कोणाच्या अंगावर आहे ते पदनामासह लेखी घ्या. आमच्याकडे सगळ्यांना वाटत होतं की दुसरा कोणीतरी भरतोय.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल बैठक झाली. काळंपांढरं पान आणि मूळ रजिस्टर शेजारी शेजारी ठेवून फक्त विचारलं, "यातले खरे गुण कोणते?" रंगीत स्कॅन लगेच मंजूर. रजिस्टरं ग्रंथालयाच्या तळघरात राहणार. जागा दमट आहे म्हणून भांडण चालू आहे, पण रद्दीची गोष्ट मागे पडली. क्रमांकाचा वेगळा रकाना मान्य झाला. श्रेणींवर कुलसचिव म्हणाले, "विधी विभागाला विचारू." म्हणजे निदान नाही म्हणाले नाहीत. गोठवलेल्या प्रतीचं मी संगणक विभागाशी परस्पर जमवलं, डोमेनचं टिपणात घातलंय.

अडलंय ते सध्याच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांपाशी. प्रवेश आमच्या नावावर, परीक्षा विद्यापीठाच्या नावावर. पदवीवर कोणतं नाव हवं ते त्यांनाच विचारावं, असं मी सुचवलं. त्यावर समितीतले एक जण म्हणाले, "मग सगळेच मोठं नाव मागतील." मागू देत की! आणि सगळे मागणार नाहीत, आमच्याच ग्रंथालयात दोघी-तिघींनी जुनं नाव हवं असं मला सांगितलंय. असा पर्याय एकाच तुकडीला कुठे दिलाय का? दिला असेल तर दीक्षान्ताच्या यादीत ही मुलं एकत्र लावली की वेगळी?