घाटातलं अतिवेगाचं चलन: लगेच भरायचं, लोकअदालतीची वाट बघायची, की हरकत घ्यायची?

तळेगावकर

गाडी माझ्या नावावर आहे. गेल्या आठवड्यात भाचा ती घेऊन पनवेलला गेला होता. चारच दिवसांत माझ्या मोबाइलवर मेसेज आला: मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, घाटातला भाग, मर्यादा ६०, नोंदलेला वेग ८१, दंड २००० रुपये. चलनावरचा फोटो उघडून पाहिला. गाडी आमचीच, नंबरपाटी अगदी स्वच्छ दिसते, वेळही जुळते.

आता घरात तीन मतं आहेत. भाचा म्हणतो, "मावशी, अजिबात भरू नकोस, लोकअदालत लागली की निम्म्यात सुटतं." यजमान म्हणतात, तक्रार टाकून ठेवू, पुढचं पुढे. माझं मत असं की वेग खरा असेल तर दंड भरून मोकळं व्हावं, आणि तो भाच्याने भरावा. दोन हजार वाचवायला महिनोन्‌महिने वाट बघणं मला पटत नाही. पैशांपेक्षाही, त्या पोराच्या मनात "चलन म्हणजे घासाघीस करायची गोष्ट" हे बसू नये असं मला वाटतं.

विरोधातलं मत असेल तर जरूर मांडा, पण कारणासकट.

हिशेबी

ताई, असहमत. लोकअदालत ही कायद्याने दिलेली सोय आहे, पळवाट नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा १९८७ चा कायदा त्यासाठीच आहे. मालमत्ताकराची अभय योजना येते तेव्हा वेळेवर भरणारा पूर्ण भरतो आणि थकवणाऱ्याला शास्ती माफ होते. चलनाचंही तेच होत असेल, तर घाईने भरणाऱ्याने स्वतःच्या खिशाला चाट का लावून घ्यायची? भाच्याने गुन्हा केला असेल, पण तडजोडीचा मार्ग कायद्यातच असताना तो वापरणाऱ्याला नीतीचे धडे देऊ नयेत. माझ्या ओळखीत दोन-तीन जणांची रक्कम खरंच कमी झाली आहे.

कोर्टाची पायरी

वकिली करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

लोकअदालतीबद्दल लोकांचा समज "सेल लागतो" असा झाला आहे. राष्ट्रीय लोकअदालत साधारण वर्षातून चार वेळा भरते. तुमचं चलन त्यात घेतलं जाईलच, आणि रक्कम अमुक टक्के उतरेलच, अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. ते त्या त्या वेळच्या आणि त्या त्या जिल्ह्याच्या व्यवस्थेवर ठरतं. तडजोड झाली तर तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. नाही झाली तर प्रकरण पुन्हा कोर्टाकडे. तोपर्यंत चलन थकीत दिसत राहतं, आणि गाडी विकायची किंवा नावावर करायची वेळ आली की ते आडवं येतं. दहा-बारा चलनं साठलेल्याला हा मार्ग सोयीचा पडतो. एकाच चलनासाठी रांगेत अख्खा दिवस घालवायचा का, हा हिशेब हिशेबी यांनीच करावा.

आता पैसे भरण्याआधी काय बघायचं ते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७ अ हा नियम आला. कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस घटनेपासून १५ दिवसांत पाठवली पाहिजे. फोटोत नंबरपाटी स्पष्ट हवी, उपकरणाने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणत्या कलमाचा भंग झाला हे त्यात हवं. उपकरणाला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण व्हावं लागतं. रस्त्याच्या त्या टप्प्याच्या आधी, इथे इलेक्ट्रॉनिक देखरेख आहे असा ठळक फलकही हवा. यातलं काही नसेल तर हरकतीला जागा आहे. ताईंच्या वर्णनावरून नोटीस वेळेत आली आहे आणि फोटोही चोख आहे.

शिवाय, दंड भरणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली तडजोड. "आधी भरतो, मग भांडतो" असं चालत नाही. भांडायचं असेल तर भरण्याआधी.

घाटवाट

मुळात ही मर्यादाच मला मान्य नाही. सपाटीवर १०० आणि घाटात एकदम ६०. रस्ता तीन-तीन पदरी, गाड्या आजच्या, ब्रेक आजचे. जुलै २०२४ पासून नवी वाहतूक यंत्रणा आली आणि कमानींवर कॅमेरे बसले, तेव्हापासून मी दर फेरीला एकच प्रकार बघतो. कमान दिसली की पुढचा कचकन ब्रेक मारतो, मागचा त्याच्यावर जाता जाता वाचतो, आणि कमान ओलांडली की सगळे पुन्हा सुसाट. याने सुरक्षितता वाढली की चलनं वाढली? आणि उजव्या पदरात तीस-पस्तीसने रांगणारे कंटेनर? खरा धोका त्यांचा आहे. ताई, भाच्याच्या ८१ वर मुकाट्याने पैसे भरलेत तर या कारभाराला मान डोलावल्यासारखं होईल. हरकत नोंदवाच. निकाल काहीही लागो, कागदावर तरी आक्षेप राहील.

खोपोलीकर

घाटवाट, तुमचा कंटेनरचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, आणि नेमका त्याच्यामुळेच ६० हवे आहेत.

आम्ही खोपोलीच्या बाजूचे काही जण अपघात झाला की मदतीला धावतो. बोरघाटात मुंबईकडे उतरताना काय होतं ते सांगतो. डिझेल वाचवायला काही ट्रकवाले गिअर काढून न्यूट्रलवर उतरतात. ब्रेक सतत दाबून तापतात आणि तळाशी येईपर्यंत पकड सुटते. दुसरीकडे शहाणा ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये वीस-पंचवीसने उतरत असतो. म्हणजे एकाच वळणावर एक वीसचा, एक सुटलेला आणि एक तुमचा ८१ चा. ८१ म्हणजे सेकंदाला साडेबावीस मीटर. वळणापलीकडचा ट्रक दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर गाडी तेहतीस-चौतीस मीटर पुढे गेलेली असते. ६० ला हेच अंतर पंचवीस मीटर. ब्रेक लागल्यावरचा फरक त्याहून मोठा, कारण धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. ६० च्या मानाने ८१ ला ती १.८ पट होते. वर उतार आणि पावसाळ्यातलं धुकं.

गाडी आजची आहे हे मान्य. माणसाची मान आणि बरगड्या जुन्याच आहेत. ट्रकच्या मागच्या दांड्याखाली शिरलेली कार कापून माणूस काढायला किती वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तो काय बोलत असतो, ते मी इथे लिहिणार नाही. ताई, दंड भरा. भाच्याला एकदा आमच्याकडे पाठवा, घाट दाखवतो.

घाटवाट

दादा, तुमच्या कामाबद्दल मनापासून आदर आहे. पण तुम्ही जे सांगितलंत त्यात पहिला दोष न्यूट्रलवाल्याचा. त्याला किती वेळा पकडतात? कॅमेऱ्याला वेग दिसतो, काढलेला गिअर दिसत नाही. म्हणून ज्याला पकडणं सोपं त्यालाच पकडलं जातं. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातले ७१ टक्के मृत्यू अतिवेगामुळे, असं केंद्राचा अहवाल सांगतो. माझं म्हणणं असं की पंचनाम्यात "अतिवेग" लिहिणं सगळ्यात सोपं असतं. खड्डा, चुकीचा उतार, न लावलेला फलक, बंद पडून दिव्याविना उभा असलेला ट्रक ही कारणं लिहिली तर कुणाला तरी जबाब द्यावा लागतो. मर्यादा पाळू नका असं मी म्हणत नाही. पण १०० वरून ६० वर येताना आधी ८० चा टप्पा आणि पुरेसे फलक हवेत, ही मागणी चुकीची आहे का?

खोपोलीकर

मागणी बरोबर आहे. ती रस्त्याच्या मालकाकडे लेखी करा, मी सही करतो. पण तिचं ओझं या एका चलनावर टाकू नका. या चलनात प्रश्न एवढाच आहे की गाडी ८१ ला होती की नाही.

गॅरेजवाला

भाचा नक्की म्हणेल, "मीटरवर तर सत्तरच दिसत होते." सगळे म्हणतात. कारचा स्पीडोमीटर मुळात खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवेल असा बनवतात, कमी दाखवायची परवानगी नाही. म्हणजे काटा ७० वर असेल तर खरा वेग बहुधा ७० च्याही खाली. कॅमेऱ्यात ८१ आले तर काटा त्याच्याही वर असणार. अपवाद एकच: कंपनीच्या मापापेक्षा मोठे टायर घातले असतील तर मीटर फसतो. तेवढं तपासा.

पिवळी पाटी

मी टूरिस्ट गाडी चालवतो. इथे सगळे दोन हजार, दोन हजार म्हणतात, जणू किरकोळ आहेत. डिझेल, टोल, मालकाचा वाटा जाऊन माझ्या हातात दोन हजार यायला दोन दिवस लागतात, कधी तीन. चलन मालकाच्या नावावर येतं, मालक माझ्या पगारातून कापतो. फोटो मला दाखवतच नाही. गिऱ्हाईक मागून ओरडतं, विमान चुकेल, दामट. वेळेत पोहोचलो नाही तर कापतात, पोहोचलो तर चलन. तेव्हा ताई, तुम्ही भरू शकता म्हणून भरणं चांगलं, पण लोकअदालतीत जाणाऱ्याला कमी लेखू नका. आमच्यासाठी ती रांग म्हणजे मुलीच्या शाळेची फी असते.

दुसरं, मागच्या महिन्यात मालकाने एक चलन माझ्या माथी मारलं. त्या वेळी मी त्या रस्त्यावर नव्हतोच. भांडून फोटो मागितला तर त्यात वेगळ्याच रंगाची गाडी. नंबरात ३ च्या जागी ८ वाचला असावा. मालक म्हणतो, भर आणि विषय संपव. काय करू?

कोर्टाची पायरी

पिवळी पाटी, तुम्ही एक पैसाही भरू नका. हरकत घ्यायची असते ती अशाच चलनावर. राज्याच्या ई-चलन संकेतस्थळावर आणि ॲपवर तक्रारीची सोय आहे. चलन क्रमांक टाका, तुमच्या गाडीचा रंग आणि नंबरपाटी दिसेल असा फोटो जोडा, आणि त्या वेळेचा फास्टॅगचा उतारा जोडा. त्याच सुमाराला गाडी दुसऱ्या टोलनाक्यावर होती हे दिसलं की आणखी काही सांगावं लागत नाही. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. तिथे दाद लागली नाही तर कोर्टात हेच कागद चालतात. चलन मालकाच्या नावावर असल्याने तक्रार त्यांच्यामार्फत करा, आणि "मी तेव्हा अमुक ठिकाणी होतो" हे त्यांना लेखी द्या, म्हणजे तुमच्या पगारातून कापायला कारण उरणार नाही.

ताई, तुमच्यासाठी एक राहिलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८३ खाली हलक्या वाहनाला अतिवेगासाठी एक ते दोन हजार दंड आहे. पण दुसऱ्यांदा तोच गुन्हा झाला की चालकाचं लायसन्स जप्त करण्याची तरतूद आहे. तेव्हा गाडी कोण चालवत होतं ही नोंद महत्त्वाची ठरते. पोलिसांनी विचारलं तर चालकाचं नाव सांगणं कलम १३३ खाली मालकाचं कर्तव्य आहे. भाच्याला वाचवायला "मीच चालवत होते" असं कुठेही लिहू नका.

हिशेबी

वकीलताईंचं वाचून एक मान्य करतो: एकाच चलनासाठी लोकअदालत फायद्याची नाही. पण तत्त्व सोडत नाही. सरकारला दंड वेळेवर हवा असेल तर लवकर भरणाऱ्याला सवलत द्यावी आणि थकवणाऱ्याला कमी करू नये. आज उलटं होतं, म्हणून लोक थांबतात. ताईंच्या भाच्याला "घासाघीस" हा संस्कार घरातून नाही, या व्यवस्थेतून मिळतोय.

मु. पो. सातारा

भरताना एक काळजी घ्या. व्हॉट्सॲपवर "आरटीओ चलन" नावाची एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी) फिरते. ती उघडली की मोबाइल त्यांच्या ताब्यात आणि बँक खातं रिकामं. आमच्या गल्लीत दोघांचे पैसे गेले. मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवू नका. संकेतस्थळ स्वतः उघडा, गाडीचा नंबर आणि चासी क्रमांकाचे शेवटचे आकडे टाका, तिथे चलन दिसलं तरच ते खरं.

तळेगावकर

सगळ्यांचं वाचलं, यजमानांना आणि भाच्यालाही वाचायला दिलं. टायर कंपनीच्याच मापाचे आहेत, त्यामुळे मीटरची सबब गेली. हिशेबी, तुमचा व्यवस्थेचा मुद्दा मला पटतो, आणि घाटवाट, मधल्या ८० च्या टप्प्याची मागणीही. ते पत्र तुम्ही लिहा, खोपोलीकर दादांच्या खाली माझी सही धरा. पण या चलनावर हरकत घ्यायला माझ्याकडे खरं कारण नाही, आणि नसलेलं कारण मी लिहिणार नाही. पिवळी पाटी दादांसारख्यांच्या खऱ्या तक्रारी अशा पोकळ तक्रारींच्या ढिगातच अडकतात.

आज दंड भरला. रक्कम भाच्याने दिली, रागाने दिली, पण दिली. खोपोलीला जायला अजून तयार नाही. तोपर्यंत गाडीची किल्ली माझ्याकडे.

पिवळी पाटी

तक्रार टाकली, मालकाच्याच मोबाइलवरून. फास्टॅगचा उतारा जोडलाय, त्या वेळी गाडी पन्नास किलोमीटर लांबच्या नाक्यावर होती. क्रमांक आला आहे. पगारातून तूर्त कापत नाही म्हणाला.