शब्दचर्चा : 'फेडरेटेड'ला मराठीत काय म्हणावे?

साखळी
(प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याच्या गोव्यातल्या गावाचे नाव आहे.) आमच्या वाचनालयात पुढच्या महिन्यात मला मास्टोडॉन, ब्लूस्काय यांसारख्या समाजमाध्यमांवर मराठीतून बोलायचे आहे. टिपणे काढताना चार शब्दांवर अडले आहे: फेडरेटेड (स्वतंत्र सर्व्हर एकमेकांशी जोडलेले), ओपन स्टँडर्ड (कोणालाही वापरता येणारे नियम), व्हेंचर फंडिंग (नव्या कंपनीत जोखीम घेऊन गुंतवलेला पैसा), प्रायव्हसी. संघीय, मुक्त मानक, साहसवित्त, गोपनीयता हे प्रतिशब्द माहीत आहेत. पण मोठ्याने वाचले की परिपत्रक वाचल्यासारखे वाटते. ऐकणाऱ्यांत निम्मे निवृत्त शिक्षक आणि शेतकरी असतील. काय सुचवाल?

फोंडा
ताई, 'संघीय' नकोच. तो शब्द गोव्यात उलटा ऐकू येतो. १९६७च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरण की संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) हा प्रश्न होता, आणि १९८७ साली घटकराज्य होईपर्यंत आपण संघप्रदेशच होतो. 'संघ' म्हटले की वडीलधाऱ्यांना दिल्ली आठवते. ज्या जाळ्याला मधोमध मालकच नाही, त्याला हे नाव कसे द्यायचे?

समजावताना टपालाचे उदाहरण घ्या. पोर्तुगीज अमलात गोव्याचे टपालखाते वेगळे, तिकिटेही वेगळी; पहिली १८७१ सालची. मुंबईत इंग्रजांचे खाते. पण १८७४ साली बर्नला टपालाचा करार झाला आणि एकेक देश त्यात येत गेला. नियम साधा: दुसऱ्याच्या तिकिटाचा मान राखायचा आणि पत्र पुढे पोचवायचे. मास्टोडॉनच्या एका सर्व्हरवर, म्हणजे खाती सांभाळणाऱ्या संगणकावर, लिहिलेले दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला दिसते, ते याच रीतीने. तिथला करार म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटीपब. वेबचे नियम ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने तो जानेवारी २०१८मध्ये प्रसिद्ध केला. कोणीही तो वाचावा आणि स्वतःचे टपालखाते उघडावे, परवानगी लागत नाही.

म्हणून ओपन स्टँडर्डला मी 'खुले प्रमाण' म्हणेन. प्रमाणभाषा, प्रमाणवेळ हे शब्द आपल्या तोंडात आहेत. 'मानक' अजून परका वाटतो. आणि 'मुक्त' म्हणजे कोणाच्या तरी तावडीतून सुटलेले. गोव्यात तर त्या शब्दाबरोबर १९ डिसेंबर, म्हणजे मुक्तिदिन, येतोच. इथे सुटकेचा प्रश्न नाही. नियम सगळ्यांसमोर उघडा ठेवला आहे, एवढेच सांगायचे आहे.

फेडरेटेडसाठी मात्र आपल्या मातीतला शब्द आहे: गावकारी, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था. प्रत्येक गावाची गावकारी स्वतंत्र. बांध, मानशी (पाण्याची दारे), शेतांची पावणी (लिलाव) हे सगळे तिचे तीच ठरवायची. १५२६ साली पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशियाने या रीती लिहून काढल्या, तेव्हाच त्या जुन्या होत्या.

म्हापसा
गावकारीला माझा विरोध आहे. गावकार जन्माने होतो, तोही बापाकडून. पोटच्या मुलीला हक्क नाही, चार पिढ्या गावात राहिलेल्याला नाही. जिथे कोणीही येऊन खाते उघडू शकतो, त्याला हे नाव कसे शोभेल? शिवाय पत्रादेवीचा नाका ओलांडून महाराष्ट्रात गेले की 'गावकार' कोणाला कळत नाही. तिकडे 'गावकरी' म्हणजे गावात राहणारा कोणीही. एका अक्षराचा फरक, पण हक्कदार आणि रहिवासी एवढे अंतर त्यात आहे.

उलट मला वाटते, या माध्यमांवर आपण सगळे मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधून राहणारे, आहोत. भाट (बागायत) भाटकाराचे, म्हणजे जमीनमालकाचे, माड भाटकाराचे, घर तेवढे आपण बांधलेले. मी एका लहान सर्व्हरवर तीन वर्षे लिहीत होतो. चालवणाऱ्याला खर्च झेपेना, त्याने महिनाभराची सूचना देऊन तो बंद केला. मला वाचणारी माणसे नव्या सर्व्हरवर नेता आली. लिखाण उतरवून घेता आले, पण नव्या जागी ते पुन्हा लावता आले नाही. आजही ती एक फाइल होऊन पडली आहे. मुंडकाराला निदान १९७५चा कायदा आहे, हुसकावून लावता येत नाही. विकेंद्रित म्हटल्याने केंद्र गेले हे कळते, पायाखालची जमीन कोणाची ते कळत नाही. बोलताना हे नक्की सांगा.

फोंडा
मुलींचा मुद्दा मला आधीच सुचायला हवा होता. गावकारी मागे घेतो. 'जोडजाळे' कसे वाटते? वेगवेगळी जाळी, करारापुरती जोडलेली. आणि मुंडकार शब्द घ्याच, ताई. ब्लूस्कायने या दुखण्यावर उपाय मांडला आहे, तोही त्यात सांगता येईल: खात्याची ओळख सर्व्हरपासून वेगळी ठेवायची, म्हणजे लिखाणासकट बिऱ्हाड हलवता येते.

बाणावली
व्हेंचर फंडिंगबद्दल लिहिते. 'साहसवित्त' हा शब्द पैसे देणाऱ्याची स्तुती करतो. साहस त्याचे, आणि आपण काय, प्रेक्षक? 'जोखीम भांडवल' म्हणा. जोखीम घेणारा तिचा मोबदला मागणार, हे त्या शब्दातच आहे.

पण वाचनालयात मी सरळ दोनच शब्द वापरीन: वर्गणी आणि गुंतवणूक. जत्रेला, नाटकाला वर्गणी देणारा पैसे परत मागत नाही, कार्यक्रम व्हावा एवढेच मागतो. मास्टोडॉन मुख्यतः वर्गणीवर वाढले. ते सुरू करणाऱ्या ऑयगन रोखकोने गुंतवणूकदारांना नकार दिल्याचे २०२२मध्ये सांगितले होते. ब्लूस्काय गुंतवणुकीवर उभे आहे: २०२३मध्ये ८० लाख डॉलर, ऑक्टोबर २०२४मध्ये आणखी दीड कोटी. लोकहिताची कंपनी म्हणून तिची नोंदणी आहे, हेही सांगायला हवे. तरी गुंतवलेला पैसा कधीतरी वाढून परत जायचा असतो.

आमच्या किनाऱ्यावर हे पाहिलेले आहे. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढायला जो दोरीला हात लावतो त्याला वाटा मिळतो. मग कर्जावर ट्रॉलर आले, आणि कर्ज फेडायचे तर किनाऱ्याजवळही जाळे टाकावेच लागले. ट्रॉलरवाला वाईट माणूस होता असे मी म्हणत नाही. त्याच्या डोक्यावर हप्ता होता.

साखळी
हप्त्याचे वाक्य मी तसेच वापरणार, चालेल ना? आता प्रायव्हसी राहिली.

म्हापसा
'गोपनीय' म्हणजे लपवण्याजोगे. त्यातून लगेच प्रश्न येतो की तुमच्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय. जुना शब्द 'खासगी' चांगला. होळकरांकडे दौलत म्हणजे राज्याची मिळकत आणि खासगी म्हणजे राणीच्या अखत्यारीतली. त्यात लपवाछपवी नाही, अखत्यार आहे. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी मूलभूत हक्क म्हणून मान्य केला तो हाच, असे मी समजतो. 'खासगीपणा' म्हणा.

फक्त एक जपा. मास्टोडॉनवर एकाच माणसाला पाठवलेल्या मजकुराला 'खासगी संदेश' म्हणू नका. तो कुलूपबंद नसतो. दोन्हीकडचे सर्व्हर चालवणारे मनात आणले तर वाचू शकतात. पुसलेला मजकूरही दुसऱ्या सर्व्हरवरून पुसला जाईलच याची खात्री नाही, कारण इकडून फक्त विनंती जाते.

फोंडा
मग टपालाचेच उदाहरण पुढे न्या. पाकीट नव्हे, कार्ड. पत्ता एकाचा, पण वाटेतल्या प्रत्येकाला वाचता येते.

साखळी
कार्ड! हे आमच्या शिक्षकांना एका क्षणात कळेल. जोडजाळे, खुले प्रमाण, वर्गणी आणि गुंतवणूक, खासगीपणा, मुंडकार, कार्ड असे लिहून घेतले. सर्व्हरला सर्व्हरच म्हणणार आहे.