न्यूयॉर्कचं पहिलं दुकान

'गांजाच्या दुकानांची सामाजिक बांधिलकी म्हणजे नुसती जाहिरात' हे सरसकट पटत नाही. न्यूयॉर्कमध्ये औषधी वापरापलीकडचं पहिलं कायदेशीर दुकान डिसेंबर २०२२ मध्ये हाउसिंग वर्क्सनं उघडलं. ही संस्था १९९० पासून एचआयव्हीग्रस्त बेघरांसाठी काम करते; जुने कपडे, पुस्तकं विकून पैसा उभा करायची तिला सवयच. पहिलं गिऱ्हाईक कोण, तर राज्याच्या गांजा-नियामक कार्यालयाचे प्रमुख, आणि घेतल्या काय, तर कलिंगडाच्या चवीच्या गमीज, म्हणजे गांजा घातलेल्या चघळायच्या गोळ्या!

खरी रडकथा पुढची. गांजापायी शिक्षा झालेल्यांना परवान्यात प्राधान्य मिळालं, पण २०२३ मध्ये कोर्टकज्ज्यात त्यांची दुकानं रखडली. तोवर गल्लोगल्लीच्या विनापरवाना दुकानांनी गिऱ्हाईक पळवलं. २०२४ मध्ये या विनापरवाना दुकानांना टाळं ठोकल्यावर कुठे परवानाधारकांचा गल्ला भरायला लागला.