प्रश्नमंजुषेच्या प्रश्नांची झाडाझडती

सचिव काका (ए-३०१): नमस्कार मंडळी. गणपतीत मुलांची प्रश्नमंजुषा आहे, त्यातले सात प्रश्न उत्तरांसकट टाकतोय. मुलं या ग्रुपवर नाहीत, तेव्हा फुटायची भीती नाही. चुका असतील तर आजच सांगा, उद्या छापायला जाणार.
१. हेलियमचा शोध कुठल्या किल्ल्यावर लागला? – विजयदुर्ग
२. जागतिक वारशात गेलेल्या बारा मराठा किल्ल्यांत समुद्राने वेढलेले किती? – चार
३. थिबा राजा थिबा पॅलेसमध्ये किती वर्षं राहिला? – ३०
४. कोकण रेल्वेची हद्द कुठून सुरू होते? – पनवेल
५. काजू, मिरची, पपई, कोकम : यांतलं मूळचं इथलं कोणतं? – काजू
६. कातळशिल्पं जागतिक वारसा कधी झाली? – २०२२
७. पौर्णिमेला रत्नागिरीत भरती किती वाजता? – १२

ताई (सी-२०२): काका, छापायला देऊ नका! सहा उत्तरं साफ चुकलीत, सातवं अर्धं बरोबर.

सचिव काका (ए-३०१): अहो, विजयदुर्गाचं तर सगळ्यांना माहीत आहे की. साहेबाचे ओटे आहेत तिथे.

मास्तर (बी-१०४): ओटे आहेत, साहेबही, म्हणजे इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर, आला होता. फक्त साल दुसरं. गोंधळ दोन ग्रहणांचा आहे.
पहिलं खग्रास १८ ऑगस्ट १८६८ चं. त्याचा पट्टा कोकणातून विजापूर, गुंटूर करत मछलीपट्टणकडे गेला. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, धाकटा जॉन हर्शेल जमखंडीला, पॉगसन मछलीपट्टणला. ऑगस्टात आपल्याकडे आभाळाची काय अवस्था असते ते सांगायला नको. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटात जान्सेनला इतक्या ठळक रेषा दिसल्या, की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्याने त्या पुन्हा पकडल्या.
नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडात. त्याने मागवलेला नवा वर्णपटदर्शक हाती आला ऑक्टोबरात, आणि २० ऑक्टोबर १८६८ ला त्याने घरबसल्या, ग्रहणाशिवाय, त्याच ज्वाळांचा वर्णपट पाहिला. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली, म्हणून या पद्धतीचं श्रेय दोघांना. त्या वर्णपटातली एक पिवळी रेषा, तीच हेलियमची.

भाऊ (ए-१०३): मग लॉकियर विजयदुर्गावर कधी आला?

मास्तर (बी-१०४): २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. जवळजवळ तीस वर्षांनी, आणि या खेपेस थंडीचं स्वच्छ आभाळ. दोन मिनिटांच्या आसपासची खग्रास स्थिती, त्यासाठी ब्रिटिश युद्धनौकेवरची माणसं हाताशी घेऊन किल्ल्यावर यंत्रं मांडली होती. याच ग्रहणाला आपले खगोलशास्त्रज्ञ नेगमवाला जेऊरला होते. पण तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडून तीन वर्षं झाली होती. रॅम्झेने १८९५ ला क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजावर आम्ल घालून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा पाहिली. शोधत होता आरगॉन.
लोकांच्या बोलण्यात १८६८ चा शोध आणि १८९८ चा किल्ला एक झाले. १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिन होतो, तो खुशाल होऊ दे. मुलांच्या कागदावर मात्र हे उत्तर नको.

काकू (बी-३०२): पिवळी रेषा म्हणजे सोडियमचीच नाही का? मिठाची चिमूट गॅसच्या ज्योतीत टाकली की दिसते ती.

मास्तर (बी-१०४): काकू, नेमकं तिथेच सगळं अडलं होतं. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला, ही तिसरी ५८७.६ ला. अंतर दीड नॅनोमीटरसुद्धा नाही. साध्या लोलकाच्या यंत्रात तिन्ही मिळून एक पिवळा पट्टा दिसतो. रेषा वेगळी आहे हे ठरवायला एकामागोमाग लोलक लावून प्रकाश जास्त फाकवावा लागतो. लॉकियरने ते केलं आणि प्रयोगशाळेतल्या कुठल्याच मूलद्रव्याशी रेषा जुळेना, म्हणून नाव दिलं सूर्यावरून.
प्रश्न असा करा : 'आधी सूर्यावर आणि मग पृथ्वीवर सापडलेलं मूलद्रव्य कोणतं?' उत्तर एकच येतं, वाद नाही.

ताई (सी-२०२): आता दोन नंबर. जुलै २०२५ ला यादीत गेलेल्या बारांपैकी बेटावरचे तीनच : खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग. विजयदुर्ग किनाऱ्यावरचा, युनेस्कोच्या वर्गवारीतही तो वेगळा आहे. त्याला पाणी तीन बाजूंनी आहे, म्हणून मुलं 'चार' लिहिणार आणि पालक भांडायला येणार.
आणि जंजिरा त्या बारांत नाहीच. तो मराठ्यांना कधी मिळाला नाही. पर्यायांत जंजिरा ठेवा, निम्मी मुलं तिथेच पडतील.

भाऊ (ए-१०३): थिब्याचं मी सांगतो. नोव्हेंबर १८८५ ला मंडाले, ब्रह्मदेशातली त्याची राजधानी, इंग्रजांच्या हाती पडली, १८८६ ला त्याला रत्नागिरीत आणलं, वारला १९१६ ला. म्हणजे ३० वर्षं रत्नागिरीत. पॅलेस बांधून झाला १९१० ला, तिथे तो जेमतेम सहा वर्षं. प्रश्नात 'पॅलेसमध्ये' ऐवजी 'रत्नागिरीत' करा, तुमचं ३० बरोबर होईल.
रेल्वे : रोह्यापासून. पनवेल ते रोहा मध्य रेल्वेचं. दक्षिणेचं टोक ठोकूर, मंगळूरजवळ.

काकू (बी-३०२): पाचव्याचं उत्तर कोकम हो! काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, मिरची आणि पपईही अमेरिकेकडची. कोकम सह्याद्रीचं. यात काजू लिहिलंत म्हणून हसू आलं, इतका तो आपला वाटतो.

ताई (सी-२०२): सहावा प्रश्नच रद्द करा. २०२२ ला कातळशिल्पं संभाव्य यादीत गेली, अंतिम यादीत नाही. एकूण नऊ ठिकाणं : उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे वगैरे सात रत्नागिरी जिल्ह्यातली, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ. संभाव्य यादी म्हणजे देशाने 'पुढे कधीतरी प्रस्ताव देऊ' म्हणून नोंदवलेलं नाव.

सचिव काका (ए-३०१): बरं. सातव्याचं अर्धं चुकलंय म्हणजे? आमच्या लहानपणापासून तिथीची पाऊणपट करतात.

मास्तर (बी-१०४): तोच आडाखा जरा मोजून बघा. तिथी गुणिले पाऊण तास. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, बारशीला ९. छान जमतं. पण पंधराला सव्वाअकरा येतात आणि दुसऱ्या दिवशी, प्रतिपदेला, पाऊण वाजतो. एका दिवसात दीड तासाची उडी समुद्र मारत नाही.
पाऊण तासाऐवजी दोन घटिका धरा. घटिका २४ मिनिटांची, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. १५ × ४८ = ७२० मिनिटं, बरोबर १२ तास. पक्ष संपला की गणित शून्यावर येतं. पाऊणपट ही तोंडी हिशेबाची सोय आहे, चूक वाढत वाढत पंचेचाळीस मिनिटांवर जाते.

भाऊ (ए-१०३): त्यात ठिकाणाचा फरक धरा. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. मालवणला आधी, मग रत्नागिरी, मग मुंबई. बारा वाजताचा आकडा मुंबईला जवळचा, आपल्याकडे त्याआधी. आणि आपल्या उधाणाला मुंबईइतकं पाणी चढत नाही. खंभातच्या आखातात तर फरक १० मीटरच्या आसपास जातो, कारण आखात आत निमुळतं होतं.

काकू (बी-३०२): मग विसर्जनाला हे लावून सांगा ना, निदान काही उपयोग होईल.

भाऊ (ए-१०३): दीड दिवसाचे, पंचमी : ५ × ४८, म्हणजे ४ वाजता पूर्ण भरती. सहाला पाणी उतरायला लागलेलं, मूर्ती घेऊन जाते. उत्तम.
सात दिवसांचे, दशमी : भरती ८ ला. संध्याकाळी पाणी चढतं, सोडलेली मूर्ती परत काठाशी येते.
अनंत चतुर्दशी : भरती ११ च्या पुढे, ओहोटी सव्वापाचच्या सुमारास. सहाला मांडवीला पोहोचलात तर वाळू लांबच लांब दिसेल आणि सगळ्यांना वाटेल, टेम्पो आत नेऊ. इथेच फसतात. पौर्णिमा जवळ, म्हणजे उधाण.
पाणी सहा तासांत सारखं चढत नाही. बारा भाग केले तर तासागणिक १, २, ३, ३, २, १. दोन मीटर चढणार असेल तर पहिल्या तासात १७ सेंटिमीटर, तिसऱ्या आणि चौथ्या तासात ५०-५०. ओहोटी सव्वापाचला धरली तर सव्वासात ते सव्वानऊ पाणी धावतं. ओल्या वाळूत चाक रुतलं आणि ओढायला अर्धा तास गेला, की तेवढ्यात चाक पाण्यात. सातच्या आत टेम्पो वाळूवरून वर हवा, मूर्ती पाटावर खांद्यावरून न्यायची.
अष्टमीच्या पुढेमागे भांगाची भरती, तेव्हा पाण्याची धाव कमी. हे सगळे आडाखे, तेही ठिकाणाचा फरक न धरता; आपल्याकडे पाणी याच्या आधीच चढतं. पत्रिकेत वेळ छापताना बंदराचं भरतीचं कोष्टक बघूनच छापा.

सचिव काका (ए-३०१): पत्रिकेत विसर्जन सात वाजता छापून झालंय.

काकू (बी-३०२): मग टेम्पो रस्त्यावर थांबवा, पोरं खांद्यावर नेतील.

ताई (सी-२०२): बरोबरी झाली तर निकालाचा प्रश्न हवा. आकड्याचाच ठेवा : पानवल नदीवरच्या रेल्वे पुलाची उंची किती मीटर? उत्तर ६४. दोघांनी चिठ्ठीवर लिहायचं, जवळचा आकडा जिंकला. घंटा आधी कोणी वाजवली हा वादच नाही.

मास्तर (बी-१०४): आणि प्रत्येक उत्तराखाली एका ओळीत कारण लिहून ठेवा, सूत्रसंचालकापुरतं. 'रोहा का, पनवेल का नाही' असं पोरं विचारणारच.

सचिव काका (ए-३०१): लिहितो. सहावा काढला, त्याजागी ताईंचा जंजिऱ्याचा घेतो. घंटा कोणाकडे आहे का?

काकू (बी-३०२): झांज आहे आरतीची. पण आरती झाल्यावरच मिळेल.